फ्रेंच बोटीच्या कागदावरच्या 'कातेगोरी द कॉन्सेप्सियों बी, ओ लार्ज' याचं इंग्रजी काय करावं?

'डिझाइन कॅटेगरी बी – ऑफशोर' असंच लिहा (डिझाइन कॅटेगरी म्हणजे बोट किती वाऱ्या-लाटांसाठी बांधली आहे, त्याचा वर्ग). 'हाय सीज' किंवा 'क्लास बी' नको. ही संज्ञा युरोपीय संघाच्या 1994 च्या क्रीडानौका निर्देशातली आहे (94/25). निर्देशाचे फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही पाठ सारखेच अधिकृत असतात, त्यामुळे स्वतः भाषांतर करायचंच नाही, इंग्रजी पाठातला शब्द जसाच्या तसा उचलायचा. युरोपीय संघाच्या कायद्यांच्या युर-लेक्स संकेतस्थळावर दोन्ही भाषा शेजारी-शेजारी उघडता येतात. परिशिष्ट 1 चा पहिला भाग पाहा. पुढे वाऱ्या-लाटांचे आकडे असतील तर 'ओतर सिन्यिफिकातिव्ह' म्हणजे 'सिग्निफिकंट वेव्ह हाइट'. इथे 'मॅक्सिमम' लिहिलंत तर अर्थच बदलतो, कारण बी ची 4 मीटर ही मर्यादा म्हणजे सर्वात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, एखादी लाट त्याहून बरीच मोठी येऊ शकते. वाऱ्याची मर्यादा बोफोर्ट 8 (बोफोर्ट म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायची श्रेणी), तीही धरून.

आधी कागदाची तारीख मात्र तपासा. 18 जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या 2013/53 निर्देशात 'ऑफशोर', 'इनशोर' ही नावं गळली, फक्त ए ते डी अक्षरं उरली. नव्या कागदावर नुसतं 'बी' असेल तर पदरचं 'ऑफशोर' जोडू नका. आणि 'सेमी-ओत्युरिए' दिसलं तर तो वेगळाच विषय: फ्रान्सच्या 'दिव्हिजियों 240' नियमांत निवाऱ्यापासून 6 ते 60 सागरी मैलांसाठी लागणारं सुरक्षा साहित्य. त्याचा बोटीच्या डिझाइन कॅटेगरीशी संबंध नाही.