भाजणीला अर्धा दिवस, मग थालीपीठ झटपट कसं?

प्रिय मनू,

तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. थालीपीठ पटकन होतं असं सगळे म्हणतात, पण त्याची भाजणी करायची म्हणजे धान्यं धुवा, वाळवा, भाजा, दळा. मग ते झटपट कसलं? आणि दुकानातलं मल्टिग्रेन पीठ का चालत नाही?

आपल्याकडे घाईचं खाणं हे घाईत केलेलं नसतं. वेळखाऊ काम महिन्यातून एकदा उरकलेलं असतं, रोज उरतं ते फक्त मळणं आणि थापणं. भाजल्यामुळे पिठातला ओलावा उडतो, डाळींचा कच्चा वास जातो आणि पीठ हलकं होतं. म्हणून थालीपीठ तव्यावर पाच-सहा मिनिटांत आतपर्यंत शिजतं. मल्टिग्रेन पिठाच्या पाकिटात बहुतेक वेळा गहूच जास्त असतो आणि तो भाजलेला नसतो. त्याचं थालीपीठ चिवट होतं, गार झालं की चामट लागतं.

तुझ्याकडे गिरणी नाही आणि छोट्या मिक्सरमध्ये ज्वारी नीट दळली जात नाही. तेव्हा धान्याऐवजी पिठं आणून भाज. चव शंभर टक्के तीच येत नाही, पण खूप जवळची येते. प्रमाण असं: ज्वारीचं पीठ २ वाट्या, बाजरीचं १, तांदळाचं १, बेसन १, उडदाचं अर्धी वाटी, गव्हाचं अर्धी वाटी, धणेपूड २ टेबलस्पून, जिरेपूड १ टेबलस्पून. एका वाटीत मध्यम आकाराची तीन थालीपिठं होतात, म्हणजे एवढ्यात साधारण अठरा.

प्रत्येक पीठ वेगळं भाजायचं, हे टाळू नकोस. बेसनाला मंद आचेवर आठ-दहा मिनिटं लागतात, तांदळाच्या पिठाला चार-पाच. एकत्र टाकलं तर एक करपतं आणि दुसरं कच्चं राहतं. बेसन आधी जड लागतं, भाजत आलं की उलथन्याला हलकं वाटू लागतं आणि खमंग वास सुटतो, तेव्हा उतरव. धणेपूड आणि जिरेपूड शेवटी, आच बंद करून गरम पिठात मिसळायच्या, कारण त्या क्षणात जळतात. इलेक्ट्रिक शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून पातेलं लगेच बाजूला घे. सगळं परातीत पसरून पूर्ण गार होऊ दे, मगच डब्यात भर. कोमट पीठ भरलं की झाकणाला वाफ धरते, पिठाच्या गाठी होतात आणि बुरशी येते.

बाजरीच्या पिठाकडे मात्र विशेष लक्ष दे. त्यात तेलाचा अंश जास्त असल्याने ते लवकर खवट होतं. पाकीट उघडल्यावर चिमूटभर जिभेवर ठेव, कडवट लागलं तर ते वापरू नकोस. एक पीठ बिघडलं की सगळी भाजणी कडू होते. तयार भाजणी फ्रीजरमध्ये ठेव, तिथे ती गोठून दगड होत नाही, थेट चमच्याने काढता येते.

आता थालीपीठ. भाजणी १ वाटी, एक मध्यम कांदा अगदी बारीक चिरून, मूठभर कोथिंबीर, अर्धा चमचा तिखट, पाव चमचा हळद, अर्धा चमचा मीठ, चमचाभर तेल. कोमट पाणी थोडं थोडं घाल, साधारण अर्धी ते पाऊण वाटी लागेल. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवं. मिठाने कांद्याला पाणी सुटतं, म्हणून मळलं की लगेच थाप. मळून ठेवून अंघोळीला गेलीस तर परत येईपर्यंत ते पातळ झालेलं असेल. काकडी किसून घालायची असेल तर तिच्याच पाण्यात मळ, वेगळं पाणी बहुधा लागतच नाही.

ज्वारी-बाजरीच्या पिठाला ताण नसतो, म्हणून थालीपीठ लाटायचं नाही, थापायचं. ओल्या कापडावर किंवा बेकिंग पेपरवर ओल्या बोटांनी थाप आणि मधे एक व कडेला चार भोकं पाड. भोकांतून तेल खाली उतरतं आणि वाफ बाहेर पडते. भोकं नसली तर कड खरपूस आणि मध्य गिच्च अशी गत होते. तव्यावर उलटं टाकून कापड किंवा पेपर सोडव, भोकांत थेंब-थेंब तेल सोड, झाकण ठेवून मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं, मग उलटून झाकण न ठेवता दोन मिनिटं. उलटताना तुटलं तर बहुतेक वेळा खालची बाजू अजून झालेली नसते. मिनिटभर थांब, ते आपोआप सुटतं. सोबत दही घे, पोटभर जेवण होतं.

तुझ्या मैत्रिणीला गहू चालत नाही म्हणालीस. तिच्यासाठी गव्हाऐवजी तेवढी ज्वारी घाल, ग्लूटेन-फ्री लिहिलेलीच पिठं आण, आणि हिंग घालणार असशील तर डबी वाचून घे. बाजारच्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

भाजणीचंच भावंड म्हणजे मेतकूट. त्यातल्या डाळी पुरत्या भाजलेल्या असतात, म्हणून ते न शिजवता खाता येतं. भाजणी मात्र तशीच खायची नाही. मेतकूट सध्या विकतचं आण. अर्धी वाटी तांदळाला अडीच वाट्या पाणी, कुकरच्या चार शिट्ट्या, की मऊ भात तयार. बासमती नको, त्याची शितं सुटी राहतात, सोना मसुरी चांगला. पानात वाढल्यावर तूप, मीठ आणि वरून दोन चमचे मेतकूट. शिजतानाच घातलं तर भात चिकट होतो आणि वास उडून जातो.

पाच वाजता भूक लागते तेव्हा बिस्किटांऐवजी दडपे पोहे कर. पोहे पातळच हवेत. जाडे पोहे असे भिजत नाहीत, वातड राहतात. पातळ पोहे धुवायचेही नाहीत, लगदा होतो. २ वाट्या पोह्यांत अर्धी वाटी ओलं खोबरं (फ्रोझन चालतं, पण पूर्ण वितळलेलं), बारीक कांदा, लिंबाचा रस, मीठ, चिमूटभर साखर आणि दोन-तीन चमचे पाणी शिंपडून हाताने कालव. वर ताटली आणि जड काहीतरी ठेवून पंधरा मिनिटं दडप. मग शेंगदाणे, मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची यांची फोडणी ओत. तुझ्या खोलीत धुराचा अलार्म आहे, म्हणून तेल धूर येईपर्यंत तापवू नकोस. एक मोहरी टाकून बघ, तडतडली की बाकीचं घाल.

उसळ हवी असेल तर मूग रात्रभर भिजवून फडक्यात बांध. थंडीत मोड येत नाहीत, तेव्हा गाठोडं बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेव. मोड आलेले मूग फ्रीजमध्ये ठेव आणि दोन-तीन दिवसांत संपव. कुकरला लावू नकोस, पिठलं होईल. झाकून दहा-बारा मिनिटं शिजव, नीट शिजल्याशिवाय खाऊ नकोस. आमसूल मूग मऊ झाल्यावरच घाल, आंबटाने दाणा लवकर शिजत नाही.

या रविवारी फक्त भाजणी कर, बाकीचं सवडीने. बेसन झालं की नाही कळलं नाही तर भाजता भाजता फोटो पाठव.

तुझी,
आई