उत्तर: गच्चीवरच्या डिशला काही दिसलं नाही, म्हणजे नेमकं काय दिसलं नाही?

अंबाजोगाईहून तुम्ही लिहिलंय की दीड मीटरची डिश, आरटीएल-एसडीआर (संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) आणि चार महिने निरीक्षण एवढं करून 1420.4 मेगाहर्ट्झवर हायड्रोजनचा उंचवटा आला, बाकी काही नाही. त्यावरून तुमचा निष्कर्ष असा की आकाशगंगेत महाबुद्धिमान यंत्रं असती तर एव्हाना दिसली असती. ही वाट माझ्या ओळखीची आहे, माझी दोन वर्षं तिच्यातच गेली. फीड (डिशच्या केंद्राशी बसवलेला अँटेना) आणि एलएनए (कमी गोंगाटाचा अॅम्प्लिफायर) यांबद्दल लिहीत नाही, हायड्रोजन दिसला म्हणजे ते जमलंय. चूक बिनच्या, म्हणजे पट्टा ज्या बारीक तुकड्यांत वाटून मोजतो त्या एकेका तुकड्याच्या, रुंदीत आहे.

2.4 मेगाहर्ट्झचा पट्टा 1024 बिनांत वाटला की एका बिनला सुमारे 2,344 हर्ट्झ येतात. हायड्रोजनची रेषा शेकडो किलोहर्ट्झ पसरलेली असते, तिला हे चालतं. मुद्दाम पाठवलेला सिग्नल मात्र एखाद्या हर्ट्झचा असेल असं धरून शोधतात, कारण निसर्ग एवढी अरुंद रेषा काढत नाही. तो या रुंद बिनमधल्या गोंगाटात बुडतो.

हिशोब करून बघा. शंभर प्रकाशवर्षांवरून कुणी 10 लाख कोटी वॉटने (सगळीकडे सारखी पसरली असं धरून मोजलेली ताकद, आता नसलेल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या रडारच्या पातळीची) आपल्याकडे प्रक्षेपण करतंय. तुमच्या डिशचं कामाचं क्षेत्रफळ 0.9 चौरस मीटर आणि सिस्टिमचं तापमान (तिच्या गोंगाटाचं माप) 150 केल्विन धरलं, तर 1 हर्ट्झच्या बिनमध्येही सिग्नल गोंगाटाच्या सुमारे 2,600 व्या हिश्श्याएवढा येतो. तो गोंगाटाच्या चढउतारापेक्षा दहापट वर काढायला त्या एकाच ताऱ्याकडे सलग सुमारे 21 वर्षं बघावं लागेल. 2,344 हर्ट्झच्या बिनमध्ये हाच काळ सुमारे 50 हजार वर्षांवर जातो. बोअर किती फूट घेतला ते न सांगता पाणी नाही म्हटलं, तर आपल्याकडे कुणी ऐकून घेईल का?

बिन अरुंद करायचे तर कच्चा डेटा साठवावा लागतो, आणि तो सेकंदाला 4.8 मेगाबाइट, म्हणजे तासाला 17 जीबी होतो. पट्टा 250 किलोहर्ट्झपर्यंत कमी केलात तर निभतं. पण तेवढ्यावर भागत नाही. रिसीव्हरच्या घड्याळाचा 1 पीपीएमचा (दहा लाखांत एक एवढ्या चुकीचा) क्रिस्टल 1420 मेगाहर्ट्झला 1,420 हर्ट्झ इकडेतिकडे जाऊ शकतो. मे महिन्यात स्लॅब तापला की तो सरकतो आणि एलएनएचा गेनही (सिग्नल किती पट वाढवतो ते) बदलतो. जीपीएसला बांधलेलं घड्याळ नसेल तर 1 हर्ट्झच्या बिनांना अर्थ नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळेही आपल्या अक्षांशावर सेकंदाला 0.15 हर्ट्झपर्यंत सरक येते. त्यामुळे दहा मिनिटं एकाच जागी उभा राहिलेला काटा बहुतेक सोलर इन्व्हर्टरचा नाहीतर एलईडीच्या ड्रायव्हरचा असतो. पाच मिनिटं ताऱ्यावर, पाच मिनिटं बाजूला, असं तीनदा करा. तरी खात्री नाही: 2019 साली ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीला प्रॉक्झिमा ताऱ्याच्या दिशेने 982 मेगाहर्ट्झवर मिळालेला सिग्नल या चाचणीतून पार झाला होता, आणि 2021 मध्ये तो आपल्याच उपकरणांचा निघाला.

 

तुमच्या मूळ प्रश्नाला रेडिओपेक्षा उष्णतेचा पुरावा जास्त उपयोगी आहे, हे माझं ठाम मत. महाबुद्धी बोलेल की गप्प राहील, कुणाला माहीत? पण गणन करायचं तर ऊर्जा लागणार, आणि वापरलेली ऊर्जा शेवटी उष्णता होऊन बाहेर पडणार. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी 1960 मध्ये हेच मांडलं. ताऱ्याभोवती 300 केल्विनचं आवरण असेल तर ते 10 मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक चमकेल. नासाच्या वाइज या अवरक्त (उष्णतेच्या) किरणांत पाहणाऱ्या उपग्रहाने 12 आणि 22 मायक्रॉनमध्ये सगळं आकाश पाहिलंय. 2015 मध्ये त्यातल्या सुमारे 1 लाख दीर्घिका तपासल्या गेल्या, आणि ताऱ्यांचा 85 टक्क्यांहून जास्त प्रकाश गिळून उष्णता सोडणारी एकही सापडली नाही. दहा टक्के गिळणारी असली तर मात्र धुळीच्या उष्णतेत लपून जाईल. 2024 मध्ये 50 लाख ताऱ्यांतून सात संशयित निघाले. त्यातल्या तिघांजवळ रेडिओ स्रोत सापडले, म्हणजे ती उष्णता मागच्या धुळकट दीर्घिकांची असण्याचीच शक्यता जास्त.

एआय संस्कृतीला संपवतो म्हणून विश्व शांत आहे, असं तुम्ही पुढे लिहिलंय. मला ते पटत नाही. निर्मात्यांना संपवणारं यंत्र स्वतः तर उरतं! प्रकाशाच्या एक टक्का वेगाने गेलं तरी आकाशगंगेचं 1 लाख प्रकाशवर्षांचं अंतर 1 कोटी वर्षांत पार होतं, आणि आकाशगंगेचं वय हजार कोटींहून जास्त आहे. म्हणजे यंत्रही मरतं किंवा पसरत नाही, हे वेगळं सिद्ध करावं लागेल. विश्व थंड होईपर्यंत ही यंत्रं झोपलीत, ही 2017 ची कल्पनाही मला कच्ची वाटते. उद्यासाठी ऊर्जा राखणारा आज तारे असे जळू देणार नाही. 2018 च्या सँडबर्ग, ड्रेक्सलर आणि ऑर्ड यांच्या मांडणीकडे माझा कल आहे. ड्रेक समीकरणात (आकाशगंगेत किती संस्कृती असतील याचा अंदाज काढायचं सूत्र) एकेक आकडा न घालता अज्ञानाची पूर्ण रुंदी घातली, तर आकाशगंगेत आपण एकटे असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त येते. मी जीवशास्त्राचा माणूस नाही, तेव्हा जीव सुरू होणं किती दुर्मीळ आहे यावर माझा शब्द प्रमाण मानू नका.

अजून एक. डेटासाठी कार्यालयांना पत्रं लिहू नका. एका कार्यालयाने मला आठ महिने 'संबंधित विभागाकडे अर्ज करा' एवढंच सांगितलं, आणि संबंधित विभाग कोणता ते कुणीच सांगेना. याचा राग अजून गेलेला नाही, कारण हवा होता तो वाइजचा डेटा तेव्हाही इंटरनेटवर फुकट आणि बिनपरवानगी मिळत होता. ताऱ्याचे निर्देशांक टाकले की चारही पट्ट्यांतली तेजस्विता मिळते.

डिश एकाच उंचीवर धरून रोज सुमारे 40 मिनिटं आकाशाची तीच पट्टी पाहिली असेल, तर चार महिन्यांचे 80 तास होतात. मग तुमच्या निष्कर्षाचं वाक्य असं लिहा: 'या पट्टीत, शंभर प्रकाशवर्षांच्या आत, 1420 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या 2.4 मेगाहर्ट्झमध्ये, 10 लाख कोटी वॉटच्या सुमारे अडीच हजार पट ताकदीचा सततचा सिग्नल आढळला नाही.'