आधी थांबायची तारीख ठरव

प्रश्न: मी सांगलीत बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. एम.एस्सी. करू, एमआयडीसीत क्यूसीची, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायची, नोकरी धरू की पुण्याला जाऊन एमपीएससी करू? बाबांनी 'पुढं काय ठरवलंस?' विचारलं की पोटात गोळा येतो. रात्र-रात्र झोप लागत नाही.

उत्तर: तुझं पत्र दोनदा वाचलं. फी, पगार, अभ्यासक्रम, सगळी माहिती तू काढली आहेस. तुला अडवतंय ते वेगळंच: चुकलं तर बाबांना तोंड कसं दाखवू?

मग बाबांशीच बोल. पण 'मी काय करू' असं विचारू नकोस. ऑक्टोबरची छाटणी कधी घ्यायची हे ते कसं ठरवतात, ते विचार. लवकर घेतली तर दर बरा मिळतो, पण पाऊस लांबला की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. उशिरा घेतली तर सगळ्यांचा माल एकदम बाजारात. पाऊस कधी थांबेल हे कुणालाच माहीत नसतं, तरी कात्री हातात घ्यावीच लागते. एखाद्या वर्षी बाग हातची गेली, तेव्हा त्या रात्री बाबांना झोप लागली होती का? बागायतदारांची मुलं माझ्याकडं येतात, त्यांतल्या फार थोड्यांनी हे घरी विचारलेलं असतं.

एमपीएससीबद्दल मात्र स्पष्ट सांगते. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे 'आता पुरे' असं परीक्षा तुला लवकर सांगणार नाही. एकेक अटेम्प्ट करत मुलं तिशी गाठतात आणि सणालाही गावी यायचं टाळतात. मला त्याचंच फार वाईट वाटतं. जायचं असेल तर किती अटेम्प्ट, कोणत्या महिन्यापर्यंत आणि नाही जमलं तर काय, हे जाण्याआधी वहीत लिही. ती वही घेऊन बाबांसमोर बस. निकाल हातात आल्यावर हे बोलणं फार जड जातं.

नोकरीसाठी क्यूसीत लागलेली एखादी सीनिअर गाठ आणि शिफ्ट, काम, सुट्ट्या सगळं विचार.

झोपेचं अंगावर काढू नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तासांत कधीही, मराठीत, फुकट बोलता येतं.

वहीत तारीख लिहिलीस की मला कळव. बाबा छाटणीबद्दल काय म्हणाले तेही.