घराचे आडनाव पाकिटावर घालावे का?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एक भगिनी घरच्या घरी चकल्या, अनारसे आणि पुरणपोळ्या करून विकतात. दिवाळीच्या फराळाची मागणी वाढल्याने त्यांना आता रीतसर व्यवसाय सुरू करायचा आहे आणि त्याला सासरचे आडनाव द्यावे का, असे त्यांनी विचारले आहे.

चितळे, बेडेकर ही नावे ऐकत वाढलेल्या आपल्या मनाला आडनावाचीच खात्री वाटते, त्यामुळे ही इच्छा मी समजू शकते. तरीही माझा सल्ला वेगळा आहे. डायना यांचा 1981 मधील विवाहाचा पोशाख घडवणाऱ्यांपैकी एक, एलिझाबेथ इमॅन्युएल, यांनी 1996 मध्ये आपला व्यवसाय नावाच्या ट्रेडमार्कच्या अर्जासह एका कंपनीकडे सोपवला. पुढे त्या तेथून बाहेर पडल्या, नाव मात्र तेथेच राहिले. केवळ त्या आता तेथे नाहीत एवढ्या कारणाने तो ट्रेडमार्क रद्द होत नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने 2006 मध्ये दिला. याउलट, 1931 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या दांडेकर आणि कंपनीची शाई घोडा आणि उंट या छापांनी घरोघरी पोहोचली. 2011 मध्ये याच कंपनीचा, म्हणजे पुढच्या कॅम्लिनचा, मोठा हिस्सा कोकुयो या जपानी कंपनीने घेतला, तेव्हा दांडेकरांचे आडनाव त्या व्यवहारात गेले नाही.

शिवाय सासरचे आडनाव दीर-जावांचेही असते. उद्या त्यांच्यापैकी कोणी दुकान काढले किंवा संसारातच दुरावा आला, तर पाकिटावरच्या नावावर हक्क कोणाचा, हा प्रश्न फार जिव्हारी लागतो. उच्चाराचाही विचार करावा: ‘काळे’ रोमन लिपीत लिहिले की इंग्रज ग्राहक ते ‘केल’ या पालेभाजीचे नाव म्हणून वाचतो. मनातले नाव कागदावर लिहून शेजारणीला मोठ्याने वाचायला सांगावे.

म्हणून व्यवसायाला स्वतंत्र नाव द्यावे आणि स्वतःचे नाव लेबलवर, ‘यांच्या हातचा फराळ’ असे, खाली छापावे. ब्रिटनमध्ये एकट्याने व्यवसाय करणाऱ्याला वेगळे नाव घेतले तरी बिलावर स्वतःचे नाव लिहावेच लागते, त्यामुळे आपली ओळख पुसली जाणार नाही. मात्र कंपनीच्या नावाची नोंदणी म्हणजे ट्रेडमार्क नव्हे; लेबले छापायला देण्यापूर्वी बौद्धिक संपदा कार्यालयाच्या नोंदींत ते नाव आधीच कोणी घेतलेले नाही ना, हे पाहून घ्यावे.