लॅक्रॉसमध्ये (जाळी लावलेल्या काठीने बॉल झेलायचा-फेकायचा खेळ) तीन वर्षांनी पुन्हा गोलकीपर म्हणून उभा राहतोय, पण बॉल आला की मान आपोआप वळते. ही भीती कशी घालवू?

मान वळते यात लाजण्यासारखं काही नाही. साधारण १४५ ग्रॅमचा भरीव रबरी बॉल जवळून अंगावर आला तर कुणाचंही तेच होईल. मीही मोठ्या खंडानंतर परतलो तेव्हा पहिल्या आठवड्यात निम्मे शॉट डोळे मिटूनच घेतले होते!

आधी सामान तपासा. छातीवर नेमक्या क्षणी बसलेला मार हृदयाची लय बिघडवू शकतो, म्हणून चेस्ट प्रोटेक्टर ‘नॉक्सी एनडी २००’ (अशा मारापासून हृदय वाचवण्यासाठीचं अमेरिकी सुरक्षा मानक) मानकाचाच हवा. थ्रोट गार्ड आणि कडक अंगठ्याचे ग्लोव्हज हवेतच. मांड्या, नडग्या उघड्या वाटत असतील तर खुशाल पॅड घाला, कोण हसतंय ते बघू नका.

मग टेनिस बॉल. मित्राला दहाएक पावलांवरून हाताने फेकायला सांगा आणि स्टिक बाजूला ठेवून नुसत्या ग्लोव्हजने झेला. अडवण्यापेक्षा बॉल हातात येईपर्यंत डोळे उघडे राहिले का, एवढंच मोजा. काही दिवसांनी स्टिक घ्या, मग खरा बॉल, तोही हळू आणि लांबून. पहिल्याच दिवशी टीममधल्या सगळ्यात जोरकस शूटरसमोर उभं राहणं म्हणजे हातचा आत्मविश्वास घालवणं.

आणि मागे सरकू नका. हात पुढे, पाऊल बॉलच्या दिशेने. मागे रेललात, मान वळवलीत की पॅड नसलेला भागच समोर येतो. निळे डाग पडतीलच, बर्फ लावा.