प्रौढ मेंदूतल्या स्टेम सेल्सवर आजूबाजूच्या वातावरणाचा खरंच परिणाम होतो का?

होतो, आणि भरपूर. या पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून नवे न्यूरॉन (मेंदूतल्या संदेश वाहणाऱ्या पेशी) बनू शकतात त्या, मुख्यतः दोन जागी आढळतात: हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मरणशक्तीशी जोडलेल्या भागात, आणि मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या भिंतीलगत. झोपून राहायचं की विभागायचं, हे बऱ्याच अंशी शेजारीपाजारी ठरवतात, म्हणजे रक्तवाहिन्या, ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधार देणाऱ्या पेशी, नॉच आणि बीएमपीसारख्या प्रथिनांमधून मिळणारे संदेश. हिप्पोकॅम्पसमध्ये बीएमपी त्यांना झोपवून ठेवतं.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो १९९६ चा प्रयोग. प्रौढ उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधून आलेल्या पेशी वासाच्या केंद्राकडे जाणाऱ्या वाटेवर सोडल्या, तर त्या तिकडे सरकत गेल्या आणि तिथलेच न्यूरॉन बनल्या! पेशी त्याच, फक्त पत्ता बदलला. चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नवे न्यूरॉन वाढतात, हे १९९९ मध्ये दिसलं. माणसात प्रौढपणी ते किती बनतात, यावर मात्र शास्त्रज्ञांची अजून जुंपलेलीच आहे.