दशमांश नेमका कशावर काढायचा, आणि दिल्यानंतर हिशेब विचारावा का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: दशमांश (देवाला द्यायचा मिळकतीचा दहावा भाग) पूर्ण पगारावर द्यायचा की हातात येणाऱ्या रकमेवर, डोक्यावर कर्ज असेल तर काय करायचं, आणि मंडळीकडे (आपल्या चर्चकडे) हिशेब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं का.

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण लोक तिथेच अडतात. हिशेब मागण्यात अविश्वास मुळीच नाही. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी प्रेषित पौलाने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं त्याने सोबत घेतली आणि कारणही स्पष्ट लिहिलं: या मोठ्या रकमेच्या बाबतीत कुणी बोट ठेवू नये, व्यवहार प्रभूच्या दृष्टीने आणि माणसांच्याही दृष्टीने चोख असावा (2 करिंथकर 8:19-21). प्रेषिताला जी काळजी घ्यावीशी वाटली, ती आपल्या खजिनदाराला जाचक वाटण्याचं कारण नाही.

आता दशमांश. बायबलच्या जुन्या करारातला दशमांश शेतीच्या उत्पन्नाचा आणि गुराढोरांचा होता (लेवीय 27:30-32). तो लेव्यांच्या, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या कुळाच्या, निर्वाहासाठी जाई आणि लेवी त्याचा दहावा भाग याजकांना (पुरोहितांना) देत (गणना 18:21-28). शिवाय अनुवाद या पुस्तकाच्या 14 व्या अध्यायात सणाच्या वेळी परमेश्वरापुढे कुटुंबासह खाण्याचा दशमांश आहे, आणि दर तिसऱ्या वर्षी गावातल्या लेवी, परका, अनाथ व विधवा यांच्यासाठी ठेवायचा भाग आहे. मासिक पगार, कपात, कर या गोष्टी त्या व्यवस्थेत नव्हत्याच. म्हणून ‘एकूण पगार की हातातला पगार’ याचं थेट उत्तर शास्त्रात शोधून सापडणार नाही. नव्या करारात टक्केवारीची आज्ञा नाही, पण रीत नक्की आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने, आपापल्या मिळकतीच्या मानाने बाजूला काढून ठेवावं (1 करिंथकर 16:2), आणि मनात ठरवून, कुरकुर किंवा बळजबरी न होता द्यावं (2 करिंथकर 9:7). नियमित, प्रमाणात, आधी ठरवून. या तीन गोष्टी पाळल्या तर दहा टक्के ही एक चांगली खूण आहे, पण तिच्यावर कुणाचं तारण अवलंबून नाही. पुदिना, शेप, जिरे यांचाही दशमांश काटेकोर देणाऱ्यांना येशूने न्याय, दया आणि विश्वास सोडल्याबद्दल खडसावलं, हेही विसरू नये (मत्तय 23:23).

व्यवहारात असं करा. नोकरी असेल तर एकूण किंवा हातातला, यातला एक आधार निवडा आणि वर्षभर बदलू नका. दर महिन्याला नव्याने विचार केला की रक्कम नेहमी खालीच सरकते. धंदा असेल तर विक्रीवर टक्केवारी काढू नका. समजा विक्री 100 झाली, माल 60 चा आणि भाडं-मजुरी 10, तर तुमची मिळकत 30. तिचे दहा टक्के म्हणजे 3. विक्रीवर 10 दिले तर मिळकतीचा तिसरा हिस्सा गेला, आणि काही महिन्यांतच पुरवठादाराचं देणं थकेल. मिळकत अनियमित असेल तर पैसे येतील तेव्हा लगेच ठरलेला भाग वेगळ्या खात्यात किंवा पाकिटात काढा. महिनाअखेरीस उरेल त्यातून द्यायचं ठरवलं तर सहसा काही उरत नाही.

कर्जाबद्दल माझं मत ठाम आहे: उसने घेऊन अर्पण देऊ नका. क्रेडिट कार्डावर तर नकोच, कारण ते पैसे अजून तुमचे नाहीत. जे आहे त्यातून द्यावं, जे नाही त्यातून नव्हे, असं पौल सरळ लिहितो (2 करिंथकर 8:12). हप्ते थकलेले असतील तर आधी ते मार्गी लावा, पण देणं शून्यावर आणू नका. 2 टक्क्यांनी सुरुवात करा, दर पगारवाढीला किंवा एखादा हप्ता संपला की 1 टक्का वाढवा. घरच्या वृद्ध आईवडिलांचं औषधपाणी थांबवून दिलेलं अर्पण तर येशूने स्पष्ट नाकारलं आहे (मार्क 7:9-13). तो खर्च भागवणं हेही भक्तीतच मोडतं (1 तीमथ्य 5:4).

एक सावधगिरी. ‘इतकं द्या, शंभरपट परत मिळेल’ असं सांगून पैसे मागितले जात असतील तर हात आखडा. मलाखी 3 चं ‘सगळा दशमांश भांडारात आणा’ हे वचन मंदिराच्या भांडाराबद्दल आणि लेव्यांचा हिस्सा न देणाऱ्या लोकांबद्दल आहे. नहेम्या 13:10 वाचलं की तो हिस्सा थांबल्यावर काय झालं ते कळतं: लेवी सेवा सोडून आपापल्या शेतांकडे गेले. त्या वचनाने कर्जबाजारी विधवेला शाप ऐकवणं हा गैरवापर आहे. गरीब विधवेने अर्पण केलेल्या दोन टोल्यांची (छोट्या नाण्यांची) गोष्ट सांगतानाही मार्क 12:41 च्या आधीचं 40 वं वचन वाचायला हवं. तिथे विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांचा निषेध आहे.

कुठे द्यायचं? आधी मंडळीच्या सर्वसाधारण निधीत: पाळकांचं मानधन, वीज, जागा, शब्बाथशाळा (रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग) यांचा खर्च तिथून चालतो, आणि शिकवणाऱ्याला वाटा देणं ही आज्ञाच आहे (गलती 6:6). विशेष कामांसाठी द्यायचं ते त्यावर. सगळेच इमारत निधीला देऊ लागले तर नवी भिंत उभी राहते आणि पाळकांचं मानधन थकतं. विशिष्ट कामासाठी देताना ते काम पाकिटावर लिहा, आणि काम पूर्ण होऊन पैसे उरले तर कुठे जातील हे आधी विचारा. यासाठी मंडळीचा लेखी ठराव असायला हवा. वस्तू देणार असाल तर आधी गरज विचारा. जुनं, दुरुस्तीला आलेलं वाद्य मंडळीच्या माथी मारणं म्हणजे दान नव्हे, खर्च सोपवणं आहे.

आता मंडळीच्या बाजूचं पाहू, कारण पैसे जातात ते बहुधा इथेच. राजा योआशाच्या काळात मंदिराच्या दुरुस्तीचे पैसे याजकांच्या हाती येत राहिले आणि तेविसाव्या वर्षापर्यंत दुरुस्ती झाली नाही. मग झाकणाला भोक पाडलेली पेटी ठेवली गेली, आणि ती भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसे मोजून थैल्यांत बांधत (2 राजे 12:6-10). दोन वेगवेगळ्या जबाबदाऱ्यांची दोन माणसं, ही पद्धत आजही पुरेशी आहे, फक्त ती नेटाने पाळली पाहिजे.

अर्पण उपासनेनंतर तिथेच, इमारत सोडण्याआधी मोजावं. मोजणारे किमान दोघे, एका कुटुंबातले नसलेले, आणि त्यांत खजिनदार नसावा. दोघांनी स्वतंत्रपणे मोजावं, कोणत्या दर्शनी मूल्याच्या किती नोटा-नाणी हे तक्त्यात लिहावं, दोघांनी सह्या कराव्यात. तक्त्याची एक प्रत खजिनदाराकडे आणि दुसरी तिसऱ्या माणसाकडे. पूर्ण रक्कम बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी भरावी आणि त्या तिसऱ्या माणसाने बँकेची पावती तक्त्याशी ताडून पाहावी. अर्पणाच्या थाळीतून परस्पर काहीही खर्च करू नये, फुलांचे पैसेसुद्धा नाही. जो पैसा खात्यात आलाच नाही, तो हिशेबात कधी येत नाही. सर्वांत जास्त गोंधळ ‘घरी नेऊन निवांत मोजतो’ यातून होतो. माणूस प्रामाणिक असला तरी आकडा चुकला की त्याच्या बाजूने बोलायला साक्षीदार नसतो. ही व्यवस्था त्याचंही रक्षण करते.

चेकवर दोन सह्या असाव्यात, आणि बँकेचं विवरणपत्र दर महिन्याला सही न करणाऱ्या व्यक्तीने तपासावं. क्यूआर कोड मंडळीच्या नावाच्या खात्याचाच असावा, कुणाच्या खासगी खात्याचा नको, आणि त्यावर कुणी दुसरा कोड चिकटवलेला नाही हे दर रविवारी पाहावं. पाळकांच्या नावाने ‘तातडीने पैसे पाठवा’ असा मेसेज आला तर त्यांना तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय काही पाठवू नका.

गरजूंच्या मदतीचा निधी वेगळा ठेवून तिघांच्या समितीकडे द्यावा. शक्य तिथे रोख हातात न देता शाळेची फी किंवा दवाखान्याचं बिल थेट भरावं. मदत घेणाऱ्याचं नाव व्यासपीठावरून कधीही घेऊ नये, अहवालात फक्त एकूण रक्कम यावी. कोण किती देतं हे पाळकांना कळू नये, असं मला वाटतं. याकोब 2 मधला, श्रीमंताला जास्त मान देण्याचा पक्षपात टाळायचा तर तोच सोपा मार्ग.

अंदाजपत्रक गेल्या 12 महिन्यांच्या सरासरीवर बांधावं, नाताळाच्या महिन्यातल्या अर्पणावर नव्हे. साधारण तीन महिन्यांचा खर्च राखीव असेल तर सुट्टीच्या दिवसांत अर्पण घटलं तरी मानधन वेळेवर जातं.

तुम्ही खजिनदारांना इतकंच विचारा: निधीनिहाय आरंभीची शिल्लक, जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक दाखवणारा अहवाल कधी मिळतो, आणि हिशेब तपासणी कोण करतं? एकांतात, आदराने विचारा. नीट चाललेल्या मंडळीत यांची उत्तरं लगेच मिळतात. टाळाटाळ झाली तर वडीलमंडळाकडे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांकडे) लेखी मागा. तिथेही दाद मिळाली नाही, तर देणं बंद करू नका: जिथे हिशेब उघडा आहे अशा सेवाकार्याकडे तो भाग वळवा, आणि तसं का केलं ते वडीलमंडळाला कळवा.